काटूच्या आईची बासरी

साऱ्या जगानं मास्तरांना 'काटूवाले' करून टाकलं होतं, आणि मास्तरांना त्याचा मनापासून राग होता.

उभ्या आयुष्यात त्यांनी वाद्यवृंदासाठी मोठमोठ्या रचना बांधल्या. त्या एकेकदा वाजल्या, टाळ्या पडल्या आणि कपाटात गेल्या. मधे एकदा कामाचा दुष्काळ पडला. घरात तान्ही मुलगी होती, म्हणून नाक मुरडत त्यांनी मुलांच्या एका कार्टूनची गाणी करून दिली. काटू हे साळिंदराचं पिल्लू. अंगभर काटे, म्हणून त्याला कुणी जवळ घेत नाही. कार्टून वर्षभरात बंद पडलं, पण गाण्यांची रेकॉर्ड अशी खपली की घरोघरी काटूच काटू! कुठंही मास्तरांची ओळख करून दिली, की समोरचा माणूस भलामोठा असला तरी लाडीक आवाजात गुणगुणायला लागायचा. मास्तर कसनुसं हसायचे आणि घरी येऊन बायकोवर डाफरायचे. ती रेकॉर्ड त्यांनी स्वतःच्या घरात एकदाही लावली नाही.

आता बायको राहिली नव्हती, कानात यंत्र आलं होतं, आणि कंपनीनं ती रेकॉर्ड नव्यानं काढायची ठरवली होती. आवाज साफसूफ करून झाला होता. संगीतकारानं एकदा ऐकून होकार द्यायचा होता. मास्तरांनी दोनदा टाळाटाळ केली. मग गायिकेचा फोन आला. काटूचा आवाज तिचा होता.

"मास्तर, टॅक्सी खाली उभी आहे."

"मला बरं नाही."

"आवाज तर ठणठणीत आहे. शर्ट बदला आणि या."

स्टुडिओतली ध्वनिमुद्रक तिशीतली होती. मास्तरांना पाहून ती उठून उभी राहिली. "सर, लहानपणी याच गाण्यावर मी झोपायचे. 'काटे माझे मीठ घेतो, जवळ येऊ का?'"

"मीठ नाही हो, मिटून! मिटून घेतो!" मास्तर कडाडले. गायिका तोंडाला पदर लावून हसली.

गाणं सुरू झालं. काटू विचारतो, 'काटे माझे मिटून घेतो, जवळ येऊ का?' आणि प्रत्येक ओळीनंतर काटूची आई उत्तर देते. शब्दांत नाही, बासरीवर, अगदी वरच्या पट्टीत.

मास्तर ताडकन उठले. "माझी बासरी कुठं गेली? साफ करता करता बासरीच पुसून टाकलीत की काय?"

ध्वनिमुद्रक गोंधळली. "सर, बासरी तर..." ती पुढं बोलणार, तेवढ्यात गायिकेनं हळूच मान हलवली.

मास्तरांनी ते पाहिलं. हात आपसूक कानाकडं गेला. वरचे सूर कानातून कधी निघून गेले, त्यांना पत्ताही लागला नव्हता. ते मटकन खुर्चीत बसले.

"म्हणजे वाजतेय," ते पुटपुटले.

गायिकेनं आपली खुर्ची त्यांच्या खुर्चीला भिडवली. "पुन्हा लाव गं," ती म्हणाली.

या वेळी काटूनं विचारलं, आणि मास्तरांच्या कानाशी तिनं बासरीची ओळ खालच्या सुरात गुणगुणली. तिचा आवाज आता जाडसर झाला होता, थोडा कापतही होता, पण एक सूर इकडचा तिकडं नाही. रेकॉर्डवर पिल्लू विचारत होतं आणि त्याच गळ्याची म्हातारी बाई त्याला उत्तर देत होती.

मास्तरांनी डोळे मिटले. त्यांना जुनं स्वयंपाकघर दिसलं. मुलगी पाळण्यात कुरकुरायची आणि तिची आई हातातलं काम न सोडता तिथूनच 'हूंऽऽ' करायची. तेवढ्यानं मुलगी गप्प व्हायची. बासरीची ओळ तिथून आली होती. आणि याच गाण्यावरून ते बायकोवर किती वर्षं चिडचिड करत राहिले!

गाणं संपलं.

"बरं झालंय," मास्तर शेवटी म्हणाले.

"नुसतं बरं?" गायिकेनं विचारलं.

"चांगलं झालंय. फार चांगलं झालंय. आता छळू नकोस." त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसला, मग रुमाल तसाच डोळ्यांना लावला. "तिला हे फार आवडायचं गं. मी नसताना शेजारी जाऊन ऐकायची. मला ठाऊक होतं."

गायिकेनं त्यांचा हात हातात घेतला.

थोड्या वेळानं मास्तरांनी घसा खाकरला. "बाई," ते ध्वनिमुद्रकाला म्हणाले, "बाकीची गाणी किती आहेत?"

"सात, सर. पण तुम्ही दमला असाल तर..."

"लावा. सगळी ऐकू." मग ते गायिकेकडं वळले. "आधी पाणी पिऊन घे. बासरी सगळ्यांत आहे."