सोळाची रिंग

पोरगी झोपलीय याची खात्री झाल्यावर सविताने प्लॅस्टिकची पट्टी पदराला पुसली आणि तिच्या डाव्या पापणीवर धरली.

पट्टीला ओळीने मिलिमीटरच्या मापाची गोल भोकं होती. चौदा, सोळा, अठरा, वीस, बावीस. पिंपळगावच्या त्या पॅकहाऊसात बायका या पट्टीला रिंग म्हणत आणि दिवसभर तिच्यातून द्राक्षाचा मणी घालून बघत. अठराच्या भोकातून मणी आरपार गेला, की तो बारीक, लोकल बाजाराचा. अडकला तर बोटीने परदेशी. रिंग टेबलावरून हलवायची नाही, असा सुपरवायझरचा दम होता. तरी जेवणाच्या सुट्टीत सविता ती पोलक्यात खोचून मागच्या शेडमध्ये, मजुरांच्या बिऱ्हाडी, घेऊन आली होती.

"आता हे काय काढलंस?" दारात तंबाखू मळत बसलेल्या लहानूने विचारलं.

"बघते."

"त्यात काय बघायचं? डॉक्टर सोळा म्हनला ना. सोळा म्हंजी बारीक."

लहानू भला माणूस. दारू नाही, हात उगारणं नाही, पोरीला तर तळहातावर ठेवायचा. पण वाईट बातमी ऐकायची वेळ आली, की याला हटकून बाहेर जाऊन तंबाखू मळायची असायची. कालही तेच झालं. नाशिकच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर समजावून सांगत होता आणि हा अर्ध्यातून उठून पायऱ्यांवर जाऊन बसला. जाताना त्याने कानात एकच शब्द नेला, सोळा.

पुढचं सविताने एकटीने ऐकलं. दोन वर्षांच्या तृप्तीच्या डोळ्यात कॅन्सरची गाठ आहे, सोळा मिलिमीटरची. तीन-चार मिलिमीटरची असताना आला असतात, तर लेसरने जाळून डोळा राखता आला असता. आता या डोळ्याने तिला दिसतच नाही आणि तो काढावाच लागेल. गाठ अजून डोळ्याच्या आत आहे. मागच्या नसेतून मेंदूकडे सरकली, तर पोरगी हाताला लागायची नाही. या आठवड्यात दाखल करा, असं डॉक्टरने दोनदा बजावलं होतं.

यातलं सगळं तिने नवऱ्याला एसटीत सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "सोळाच हाय पन." खरं सांगायचं, तर त्या शब्दाने सवितालाही बरं वाटलं. रोज सकाळपासून सोळाचे मणी बाजूला टाकणाऱ्या बाईला सोळा म्हणजे मोठं कसं वाटावं?

शेडवर आल्या आल्या लहानूने आईला सांगितलं, "सोळाच हाय, आये. लोकल माल." त्यावर चिमणाबाईने निकाल देऊन टाकला. चैत्रात वणीच्या गडावर जायचं, देवीला डोळे वाहायचे, मग काय ते बघू. पोरीच्या जातीला एक डोळा म्हणजे जन्माची माती. आणि आईने एकदा म्हटलं की लहानू कुठल्याही कागदावर सही करायचा नाही, हे सविता लग्न झाल्यापासून बघत आली होती.

चिमणाबाईने डोळे आधीच आणून ठेवले होते. सोनाराकडून घेतलेला चांदीचा पातळ पत्रा, त्यावर ठोकून काढलेले दोन डोळे, मध्ये नाकाएवढी जागा. डोळ्याचं दुखणं बरं व्हावं म्हणून देवीला असे वाहतात. नवस तिनेच बोलला होता. पोरीच्या डोळ्यातला उजेडही पहिल्यांदा तिनेच बघितला होता, दिवाळीत, पेठकडच्या पाड्यावर, चुलीपुढे. मांडीवरची पोर जाळाकडे वळली आणि डाव्या बुबुळात पांढरं काहीतरी लखकन चमकलं, अंधारात मांजराचं चमकतं तसं. म्हातारीने हात जोडले. देवीची जोत उतरलीय माझ्या तिपीत, म्हणाली. पाड्यावरच्या बाया बघायला यायच्या आणि ही पोरीला मोठ्या हौसेने दिव्यापुढे धरायची. ते चमकणं म्हणजेच ही गाठ, असं काल डॉक्टरने सांगितलं.

आज सकाळी टेबलावर एक सोळाचा मणी बोटात आला आणि सविताचा हात थांबला. मणी घडाच्या मानाने बारीक. पण डोळा म्हणजे काही घड नव्हे. डोळा असतो तरी केवढा? डॉक्टरने कागदावर गोल काढून दाखवला होता, तेव्हा तिला नीट बघवलं नव्हतं. त्यानंतर सुट्टी होईपर्यंत तिचं कामात लक्ष लागलं नाही.

आता तिने बावीसचं भोक पापणीवर हलकेच टेकवलं. पापणीखालचा सगळा उंचवटा त्यात मावला. मग पट्टी सरकवून सोळाचं भोक टेकवलं. भोकाबाहेर कडेला डोळ्याची नखभर जागा उरली. पोरीने झोपेत नाक आक्रसलं. सविताने पट्टी काढून घेतली आणि थोडा वेळ ती तशीच हातात धरून बसली.

चुलीशी चिमणाबाई परातीत नागलीचं पीठ घेऊन भाकरीला बसत होती. सविता तिच्यासमोर जाऊन बसली.

"आत्या, थांबा. पानी नका घालू."

"का गं?"

सविताने हाताने पीठ सपाट केलं. त्यावर पट्टी ठेवली आणि बावीसच्या भोकातून काडी फिरवून गोल काढला.

"ह्यो तिपीचा डोळा."

मग त्या गोलाच्या आत सोळाचा गोल काढला.

"आन ही गाठ."

लहानू दारातून उठून आला आणि वाकून बघू लागला. "सोळाचं हाय ना ते? रिंग तपास बरं," तो म्हणाला.

"तपासली."

त्याच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. चिमणाबाई मात्र पिठाकडे बघत होती. तिने विचारलं,

"जोत दिसली तवा केवढी असंल?"

पट्टीवर चौदाच्या खाली भोकच नव्हतं. आणि असतं तरी सविताने ते दाखवलं नसतं. कालपासून तिला सासूचा राग येत होता, अगदी तोंड वळवून बसावं असा. आता या म्हातारीची कीव आली.

"मला नाय ठावं, आत्या."

"बारीक असंल," म्हातारी म्हणाली. "दिव्यापुढं धरून धरून म्याच मोठी केली."

"दिव्यानं नाय वाढत ती."

चिमणाबाईने परातीत पाणी ओतलं आणि पीठ मळून टाकलं. भाकरी थापली, भाजली, सुनेच्या पुढ्यात ठेवली. मग हात धुऊन पेटी उघडली आणि फडक्यात बांधलेला पत्रा काढला.

"तुझी कात्री दे."

घडातले बारीक मणी छाटायची कात्री सविताच्या कमरेलाच होती. तिने दिली. चिमणाबाईने पत्रा दोन डोळ्यांच्या बरोबर मध्ये धरला आणि कापला. चांदी कडेला थोडी वाकली, ती तिने अंगठ्याने सरळ केली.

"लहान्या, सही कर जा," ती मुलाकडे न बघता म्हणाली.

तृप्तीचा डोळा त्याच आठवड्यात काढला. त्या सकाळी चिमणाबाई दवाखान्यात नव्हती. ती एकटीच वणीच्या गाडीने गडावर गेली होती. दुपार कलल्यावर आली, तेव्हा गडाच्या पायऱ्या चढून पाय सुजलेले, कपाळाला शेंदूर. पोर अर्धवट गुंगीत होती. डोक्याभोवती पट्टी आणि उघड्या डोळ्यात पाणी. म्हातारीने जवळ जाऊन तिच्या पायाला हात लावला. तोंडाकडे बघायचं धाडस तिला पटकन झालं नाही.

"वाह्यला?" सविताने विचारलं.

"वाह्यला. पुजारी म्हनला, आजी, जोडी लागती, येक कुनी वाहत नाय. म्हनलं, बाबा, येकच घ्यायचा होता तिला, घेतला."

संध्याकाळी डॉक्टर आला. गाठ डोळ्यातच होती, नस साफ दिसतेय, बाकी तपासणीचं कळेल, म्हणाला. उजवा डोळाही त्याने भूल दिलेली असतानाच नीट बघून घेतला होता.

"तो आज स्वच्छ आहे. पण अशा मुलांना दुसऱ्या डोळ्यातही गाठ येऊ शकते. दर तीन महिन्यांनी आणायचं. चुकवायचं नाही. बारीक असताना सापडली, तर डोळा वाचतो."

"बारीक म्हंजी केवढी?" लहानूने विचारलं. या वेळी तो उठून गेला नव्हता.

डॉक्टरने करंगळीचं नख दाखवलं आणि त्याच्याही अर्ध्यावर अंगठा ठेवला.

डॉक्टर गेल्यावर चिमणाबाईने पदराची गाठ सोडली. उरलेला चांदीचा डोळा काढून तिने हातावर घेतला. मग पहिल्यांदाच वाकून तिने नातीच्या उघड्या डोळ्यात पाहिलं. उशाशी बल्ब जळत होता. तिने आधी हात लांब करून त्याच्यावर आडोसा धरला आणि मगच पाहिलं. नंतर हात काढला, बल्बचा उजेड पडू दिला आणि पुन्हा पाहिलं.

"काळाच हाय," ती म्हणाली.

"हो, आत्या."

"ह्यो माझ्यापाशीच राहू दे मंग. याचा नवस अजून फिटला नाय."

तिने चांदीचा डोळा पुन्हा पदरात बांधला आणि गाठ दोनदा ओढून बघितली.