डेकवरची क्रेन

ओल्या सँडपेपरने त्याने डेकवरची शेवटची फळीही घासून टाकली. खोक्यातून आलेल्या प्लास्टिकच्या जहाजावर लाकडी फळ्यांच्या रेघा कोरलेल्या होत्या. बाबा महायुद्धात ज्या ब्रिटिश विमानवाहू जहाजावर होते, त्याचा डेक मात्र पोलादी होता. युद्धातले फोटो भिंगाखाली धरून त्याने लिफ्टच्या कडा, विमानं अडवणाऱ्या तारा, सगळं मापात बसवलं होतं.

"संसार एवढ्या मापात केला असतास तर!" बायको म्हणायची.

आतल्या खोलीत बाबा अन्नाला शिवत नव्हते. नजर गेली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि एकच गोष्ट त्यांचा जीव कुरतडत होती. युद्धात एका सकाळी त्यांचा जोडीदार पाठमोरा मागे सरकत विमानाच्या फिरत्या पंख्यात गेला. बाबा डेकवरच्या मनोऱ्यापाशी उभे होते. ते ओरडले नाहीत.

"तिथून तो दिसत होता का रे?" ते सारखे विचारत. "काही केल्या आठवत नाही. तू जहाज नीट कर आणि मला सांग."

नखाएवढे बाबा त्याने मनोऱ्यापाशी उभे केले, जोडीदाराला विमानापुढे. मग टेबलाला गाल टेकून, एक डोळा मिटून पाहिलं. मध्ये काहीही नव्हतं. त्याने मापं पुन्हा घेतली, पुन्हा पाहिलं. एवढा आटापिटा केला तो बापाला हे सांगायला?

बऱ्याच वेळाने त्याने डेकच्या मागच्या टोकाची छोटी क्रेन उपटली आणि दोघांच्या मधोमध चिकटवली.

बाबांना उशीला टेकवून त्याने जहाज त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांचं बोट मनोऱ्यापासून निघालं आणि क्रेनला अडलं.

"ही इथे होती?"

"फोटोत आहे, बाबा. तुम्हाला तो दिसणं शक्यच नव्हतं."

बाबांचं बोट क्रेनवर वरखाली फिरलं. मग चाचपडत डेकच्या पार मागच्या टोकाला गेलं. तिथे क्रेन उपटल्याची खरखरीत खूण होती. बोट तिथेच थांबलं.

"गोंद वाळला का?" बाबांनी विचारलं.

"अजून नाही."

"मग हलवू नकोस. वाळू दे." त्यांनी जहाजावरचा हात काढला. "आणि सूनबाईला म्हणावं, थोडं दूध आण."