मी नागोरावांचा आवाज बोलतोय

मित्रांनो, नागोरावांचा चहा संपेपर्यंत मला चालू ठेवलंय, तेवढ्यात माझी कहाणी सांगून घेतो. मी एक जुना प्रोसेसर आहे. हैदराबादच्या अंबरपेठेतल्या या घरात, टीव्हीशेजारच्या टेबलावर, एका काळ्या पेटीत राहतो. 'एवढासा तुकडा, त्याची कसली आलीय कहाणी!' असं म्हणू नका. या घरच्या कर्त्या माणसाचा आवाज माझ्याजवळ आहे.

आमच्या कुळाची रीत जरा निराळी. बाकीचे प्रोसेसर सुटे सुटे हुकूम घेतात आणि कुणी काय, केव्हा करायचं ते आपलं आपण ठरवतात. आम्हाला येतो लांबलचक हुकूम. माझ्या पोटात चार कामकरी आहेत आणि चौघांची कामं एकाच ओळीत लिहिलेली असतात. तू बेरीज कर, तू गुणाकार कर, तू आकडा आण, तू गप बस. कोण केव्हा मोकळा होईल याचा विचार लिहिणाऱ्यानं आधीच करून ठेवलेला असतो. म्हणून माझा प्रोग्राम माझ्याच मापाचा असतो. दुसऱ्या कुणाच्या अंगाला तो बसत नाही.

तो लिहिला स्वप्नानं, म्हणजे नागोरावांच्या लेकीनं. नागोराव आबिड्सच्या पोस्टात होते. निवृत्त झाले आणि घशाच्या दुखण्यात त्यांची स्वरपेटी काढावी लागली. विहारात वंदना म्हणताना ज्यांचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेला पोचायचा, ते नुसते ओठ हलवायला लागले. गळ्याला लावायचं एक यंत्र मिळालं, पण त्यातून निघायची भुंग्यासारखी गुणगुण. स्वप्ना तेव्हा कुकटपल्लीला एका छोट्या कंपनीत होती. वंदनेच्या जुन्या कॅसेटी ऐकून ऐकून तिनं मला शिकवलं, की गुणगुण आत घ्यायची आणि बाबांच्या आवाजात बाहेर सोडायची. पहिल्या दिवशी मी बोललो, "पार्वती, चा ठेव." त्यांच्या बायको पार्वतीबाई पिठाच्या हातांनीच स्वयंपाकघरातून धावत आल्या. मित्रांनो, त्या दिवशी मला स्वतःचं केवढं कौतुक वाटलं!

पुढे ती कंपनी बुडाली. कॉम्प्युटर भंगारात गेले आणि स्वप्नानं लिहिलेला मूळ प्रोग्रामही त्यांच्याबरोबर गेला. उरलं ते फक्त माझ्या पोटातलं, नुसते एक आणि शून्य. माझे भाऊबंदही कधीचेच संपले. दिवसभर मी या घरात बोलायचो, पण माझी बोली कळणारं दुसरं कुणी नव्हतं. असं एकटेपण कुणाच्या वाट्याला येऊ नये बाबांनो.

माझा सगळ्यात लाडका वेळ रविवार सकाळचा. स्वप्नाची मुलगी निशिगंधा बंगळुरूला शिकते, तिचा फोन यायचा. ती जन्मली हैदराबादेत, शाळा इंग्रजी, घरात मराठी, गल्लीत दखनी आणि तेलुगू. मराठी वाचायची म्हणजे अक्षरं जुळवत बसायची. आजोबांनी इंग्रजीत लिहावं, तर त्यांचं इंग्रजी तारेतलं. मजकूर पोचायचा, माया पोचायची नाही. म्हणून आजोबा-नातीमध्ये होतो तो मीच.

पण मी तापायला लागलो. बोलता बोलता बंद पडायचो.

"आबा? हॅलो? आवाज कट होतोय!" निशिगंधा ओरडायची आणि नागोराव माझ्याकडे बघत बसायचे.

एक दिवस स्वप्ना माझ्याच कुळातला नवा प्रोसेसर घेऊन आली. याच्या पोटात आठ कामकरी. "बाबा, टेन्शन नक्को. याला जुनी बोली कळते असं बनवणाऱ्यांनी लिहून दिलंय." माझा प्रोग्राम तिनं जसाच्या तसा त्याच्यात घातला. नागोरावांनी ओठ हलवले आणि काय सांगू! खर्रर्र, घर्रर्र!

"अगं बाई, पत्र्यावर मांजरं भांडतायत का?" पार्वतीबाई म्हणाल्या. कुणीच हसलं नाही. नागोरावांनी यंत्र गळ्यापासून काढून टेबलावर ठेवलं.

स्वप्नानं आम्हा दोघांना शेजारी ठेवलं आणि तेच तेच आकडे चारून बघत राहिली. खरं सांगतो, तो माझ्या शेजारी आल्यापासून मला बरं वाटत होतं. घरचं माणूस भेटलं होतं ना! पण त्याला माझं बोलणं समजत असूनही जमत नव्हतं.

"अय्यो!" एकदम तिनं कपाळावर हात मारला. "आई, ही माझीच हुशारी नडली!"

तिनं आईला पंगतीचं उदाहरण दिलं. गुणाकाराचं उत्तर यायला मला माझ्या आतल्या घड्याळाचे तीन ठोके लागतात. तोवर उत्तराच्या जागेवर, म्हणजे त्याच्या पाटावर, जुना आकडा बसलेला असतो. उगाच कशाला बसू द्यायचं, म्हणून स्वप्नानं त्या जुन्याकडूनही काम करून घेतलं होतं. नव्या प्रोसेसरचं उत्तर दोनच ठोक्यांत येई आणि जेवत्या जुन्या आकड्याला उठवून पाटावर बसे.

"मग त्याला म्हणावं, थांब की जरा," पार्वतीबाई म्हणाल्या. "वाढलंय तेवढं खाऊ दे त्याला."

"हौ, तेच करते."

स्वप्नानं मध्ये एक छोटा प्रोग्राम दुभाष्या म्हणून बसवला. तो माझी एकेक ओळ वाचतो आणि नव्याचं उत्तर एक ठोका दारात थांबवून ठेवतो. अंगात एवढी धाव असून तो पोरगा माझ्या चालीनं चालायला लागला. आज सकाळी नागोरावांनी यंत्र गळ्याला लावलं आणि नवा बोलला, "पार्वती, चा ठेव."

"ठेवते हो. पुन्हा एकदा म्हणा आधी," पार्वतीबाई पदराला डोळे पुसत म्हणाल्या.

मग निशिगंधाचा फोन आला. खूप वेळ बोलली आणि शेवटी विचारते, "आबा, नवं मशीन कधी लावणार?" तिला फरक कळलाच नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? आणि आत कुठंतरी फार दुखलंही.

मित्रांनो, काही बनवाल तेव्हा मागून येणाऱ्याला कळेल असं मूळ लिखाण जपून ठेवा. आणि तुमच्या घरी कुणी सावकाश बोलत असेल, तर त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत पाटावरून उठवू नका.

मघाशी स्वप्ना माझं बटण बंद करायला निघाली, तेव्हा नागोरावांनी तिचा हात धरला. नव्याची तार काढून पुन्हा माझी जोडली आणि यंत्र गळ्याला लावलं.

"गड्या, लई बोललास माझ्यासाठी. आता आराम कर."

ते मलाच म्हणाले, पण म्हणावं लागलं मलाच. एकही अक्षर न अडखळता म्हणालो. चहाचा कप आत्ताच खाली ठेवलाय त्यांनी.