कपाटाखालची धून

नळ पिळणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग आहे. मी प्लंबर आहे, त्यामुळे हा राग मला रोज येतो. नळ जरा गळला की लोक जन्माचं वैर असल्यासारखा त्याचा कान पिळतात, आतला वॉशर कापला जातो, नळ आणखी गळतो, मग आणखी पिळतात आणि शेवटी मला फोन करतात. घरोघरी माझं एकच प्रवचन असतं: "बाई, दोन बोटांनी बंद करा. पाणी ताकदीनं थांबत नाही."

हे सांगायचं कारण म्हणजे माझे सासरे. ते गिटार वाजवायचे. लग्नाआधी सासूबाईंवर छाप पाडायला त्यांनी एक धून रचली होती आणि पुढे जन्मभर तीच वाजवली. मी त्यांच्याकडचं सिंक दुरुस्त करायला गेलो की ते शेजारी स्टूल ओढून बसायचे आणि मला ती शिकवायचे. सूर सगळे पाठ झाले. वेग मात्र आला नाही. त्यांच्या हातून ती धून सुसाट सुटायची, हात हलतोय की नाही तेही कळायचं नाही. माझ्या हातून ती धापा टाकत जिना चढायची. ते गेल्यावर गिटार माझ्याकडे आली, कारण धून दुसऱ्या कुणालाच येत नव्हती.

यंदा सासूबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. काय हवं, असं विचारलं तर म्हणाल्या, "वस्तू नको. यांची धून ऐकवा, जावईबापू. पण त्यांच्यासारखी वाजवा. हळू वाजवली की ती दुसऱ्याच कुणाची वाटते."

तिथे आमचे साडूभाऊ होतेच. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. ते हौसेनं कीबोर्ड वाजवतात आणि मला सल्ले देतात, दोन्ही फुकट. "मी ठेका धरतो," ते म्हणाले. "पण जरा बघा हं, तुमची धून पोचेपर्यंत केक शिळा व्हायचा."

मी हट्टाला पेटलो. ठरवलेल्या वेगानं टिकटिक करणारा मेट्रोनोम आणला आणि कामावरून आलो की बसू लागलो. टिकटिक वाढली की माझ्या हाताचा दगड व्हायचा. तार छेडायची ती चिमुकली प्लॅस्टिकची चकती, पिक म्हणतात तिला, मी पान्यासारखी आवळून धरायचो. मग मनगट आवळायचं, मग खांदा, मग जबडासुद्धा. एक तार तुटली. नवी चढवली, तीही तुटली. सासूबाईंनी आयुष्यात माझ्याकडे एवढं एकच मागितलं होतं आणि तेही मला जमत नव्हतं. रडू यायचंच बाकी होतं.

एका दुपारी ही हात पुसत बाहेर आली आणि माझ्या मुठीकडे बघत राहिली.

"अहो, वॉशर कापला जाईल."

"काय?"

"दोन बोटांनी, ताकदीनं नाही, असं जगाला सांगत फिरता ना? मग इथे काय चाललंय?"

मला राग आला. तिचं बरोबर होतं म्हणून जरा जास्तच आला. पण ती आत गेल्यावर मी गुपचूप हात ढिला सोडला. पिकचं फक्त टोक तारेला लागू दिलं आणि खाली-वर, खाली-वर, तांदळाच्या दाण्याएवढंच हलवलं. जोर शून्य. आधी अगदी संथ, मग टिकटिक थोडी पुढे नेली. हात आवळला की परत मागे आलो. असे बरेच आठवडे गेले, आणि एका सकाळी धून हातातून अशी सुटली की मीच दचकून थांबलो. ही दारात उभी होती. "बाबा," एवढंच म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.

वाढदिवसाला सासूबाईंच्या बाहेरच्या खोलीत, मोठ्या लाकडी कपाटाशेजारी, सासऱ्यांच्या खुर्चीत बसलो. साडूंनी ठेका धरला. धून निघाली ती सुसाटच. सासूबाईंनी डोळे मिटले. आणि ऐन वेगाच्या जागी, हात इतका ढिला होता की पिकच उडाली. जमिनीवर टक्कन आपटली आणि घसरत कपाटाखाली गेली.

साडूंचा ठेका एकटाच थोडा पुढे गेला आणि ओशाळून थांबला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात सासूबाई हसायला लागल्या, अगदी पोट धरून. "अहो, यांचीपण इथेच उडायची! याच जागी! काढा, कपाटाखालीच असेल."

कपाटाखाली, सिंकखाली पालथं पडणं हा माझा धंदाच. हात घातला तर भिंतीपाशी धुळीत चकत्या दोन. एक माझी लाल. दुसरी तपकिरी, एका बाजूनं झिजलेली.

ती बघून सासूबाईंचं हसू थांबलं. त्यांनी तिच्यावरची धूळ फुंकली. "हे हीच शोधत होते. तूच केरात टाकलीस म्हणाले मला. अबोला धरला होता आम्ही." मग मोकळ्या खुर्चीकडे बघून ठणकावून म्हणाल्या, "बघा! मी नव्हती टाकली!"

आम्ही सगळे हसलो आणि सगळ्यांचेच डोळे पाणावले.

"घ्या जावईबापू, हिच्यानं वाजवा."

"आई, पुन्हा उडाली तर?"

साडूभाऊ कीबोर्ड सोडून उठले आणि इस्त्रीच्या कपड्यांनिशी कपाटासमोर आडवे झाले, फट अडवून. त्या दिवसापासून मी त्यांचे सल्ले ऐकून घेतो.

मी पिक दोन बोटांत धरली, नळ थांबेल एवढीच. धून सुटली, त्या जागी आली, पिक उडाली आणि साडूंच्या पोटावर पडली. ती घेऊन मी उरलेली धून एका दमात संपवली.

"हं," सासूबाई म्हणाल्या, "आता ही धून त्यांची झाली."