सर्पमित्रांच्या वेबसाइटचं दुखणं

मित्रांनो, दमलेली वेबसाइट कधी पाहिलीत का? मग मला पाहा. मी सर्पमित्रांची एक जुनी वेबसाइट आहे. घरात साप निघाला की माझ्यात गावाचं नाव टाकायचं. त्या दिवशी जवळपास मोकळा असलेल्या सर्पमित्राचा नंबर मी देते. एवढंच माझं काम.

सावेडीतल्या केदारदादाने मला बनवलं. तो स्वतः सर्पमित्र. गावोगावी जाऊन सापांची माहिती सांगतो. खर्डा गावात तो तिथल्या चांगुणाबाईंना म्हणाला होता, "मावशी, पंचमीला पूजा करायची आणि एरवी काठी घालायची, हे बरं आहे का?" मावशींना ते पटलं. पुढे साप दिसला की त्या सुनेला, स्नेहलला, मला मोबाइलवर उघडायला लावायच्या. त्यांचं बघून गाव तेच करू लागलं. फार बरं वाटायचं हो.

मग फोटो छान दिसावेत म्हणून दादाने कुठूनतरी फुकटातला प्रोग्राम आणून माझ्यात बसवला. त्यातून चोर घुसले. मोबाइलवर मला उघडलं की थेट रमीच्या जाहिराती! दादा मात्र आपल्या कॉम्प्युटरवर बघून म्हणायचा, "मला तर सगळं बरोबर दिसतंय." दिसणारच! मालकाला दिसू नये हीच तर त्या चोरांची लबाडी. मी अगदी वैतागून गेले.

शेवटी त्याची बहीण ईरा मला साफ करायला बसली. बिघडलेल्या वेबसाइटी साफ करणं हाच तिचा व्यवसाय. एकेक फाइल तपासून तिने चोरांच्या फाइली हुडकल्या, पुसल्या, पासवर्ड बदलले. तेवढ्यात तिला माझीच एक जुनी प्रत माझ्या शेजारी पडलेली दिसली.

"दादा, हीसुद्धा उडव. चोर यातही असतील."

"असू दे गं, जुने फोटो आहेत त्यात. लागतील कधीतरी."

ह्यांच्या घरात बिघडलेल्या मिक्सरचं झाकणसुद्धा टाकत नाहीत, तिथे मी काय बोलणार!

त्या प्रतीतून चोर परत आले. नेमका तेव्हाच मावशींच्या कडब्यात साप निघाला. स्नेहलने मला उघडलं, तर रमी. पुन्हा उघडलं, पुन्हा रमी. मावशींचे यजमान सहादेव काठी घेऊन उभे होते. किती वाट बघणार? मारला त्यांनी. धामण होती ती, बिनविषारी, उंदीर खाऊन धान्य राखणारी.

कळल्यावर दादा खर्ड्याला गेला. मावशी काय म्हणाल्या ते त्याने नंतर ईराला सांगितलं.

"तुज्या शब्दावर काठी टाकली हुती आमी. ऐन टायमाला इचारायचं कुनाला? मुकं जनावर गेलं की रं!"

दादा मान खाली घालून परतला आणि ती प्रत त्याने स्वतःच्या हाताने पुसली, फोटोंसकट.

मित्रांनो, तुमच्या भरवशावर कोणी असेल तर वरवरची सफाई करू नका. मोह होतो, पण नको ते ठेवू नका. मी आता स्वच्छ आहे. ईरा नेमाने तपासते. जामखेडहून विचारतात, शेवगावहून विचारतात, मी नंबर देते. खर्ड्याचं नाव मात्र अजून कोणी टाकलेलं नाही.