बसल्यावर येणारी भोवळ

मित्रांनो, मी एक जुना प्रोसेसर आहे. कॉम्प्युटरचे डोके म्हणतात, ते मीच. चार बोटांवर मावेन एवढा चौकोनी तुकडा, पण मिजास विचाराल तर ट्रकभर होती. ती कशी उतरली, तेच आज सांगणार आहे.

कारखान्यातून निघताना मला वेग ठरवून दिला होता. एवढेच धावायचे, पुढे नाही. माझी भावंडे कुठल्या कुठल्या कचेऱ्यांत गेली आणि तेवढ्यावर सुखाने संसार करू लागली. माझ्या नशिबी डेल हेकिनन आला.

डेल अमेरिकेच्या उत्तरेला, एका मोठ्या सरोवराजवळच्या कॅल्युमेट गावात राहतो. हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ काढायचा काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, मोठा ट्रक चालवतो. कारखान्याने घालून दिलेली मर्यादा आळशांसाठी असते, असे त्याचे ठाम मत. त्याने पहिल्याच दिवशी माझा वेग वाढवला. याला ओव्हरक्लॉक करणे म्हणतात. त्यामुळे मी तापू लागलो, तर डेलने मला खिडकीपाशी ठेवले आणि ऐन जानेवारीत खिडकी वीतभर उघडली. सरोवरावरचा गार वारा थेट माझ्या अंगावर! मी खूश होतो. डेलची बायको मार्लिस मात्र स्वतःच्या घरात कोट घालून वावरत असे. डेलचे मित्र येत, माझा वेग बघत आणि शिट्टी वाजवत. कौतुक कोणाला नको असते?

माझ्या अंगात जन्मतःच आणखी एक गुण होता. काम नसले की आपोआप वेग उतरवायचा, वीज कमी घ्यायची, गार राहायचे. डेलने तो गुण बंद करून टाकला. झोपाळू यंत्र घरात नको, म्हणाला. त्यामुळे समोर कोणी नसले तरी मी पूर्ण वेगाने धावत असे. कशासाठी, ते मला ठाऊक नव्हते. डेललाही नसावे.

मग एका शरद ऋतूत बर्फावर घसरू नये म्हणून ट्रकच्या चाकाला साखळी बांधताना डेलच्या छातीत कळ आली. दवाखान्यातून तो परत आला तो डॉक्टरांची ताकीद घेऊन. या हिवाळ्यात ट्रक नाही, बर्फ नाही, घरी बसायचे. बसायचे म्हटल्यावर डेल भडकला. त्याचे वडील आयनो लाकडाच्या गिरणीत जन्मभर राबले होते. गिरणी सोडून घरी बसले आणि त्याच हिवाळ्यात गेले. तेव्हापासून डेलच्या डोक्यात पक्के बसले होते की माणूस बसला की संपला.

जिना चढायची मनाई होती, म्हणून त्याची खाट खाली माझ्याच खोलीत आणली. आता माझा पंखा त्याच्या उशाशी घोंघावू लागला. मार्लिसने बजावले, एक तर हे धूड गप्प कर, नाही तर बाहेर काढ. डेलने नाइलाजाने वीज वाचवायचा माझा गुण चालू केला आणि मी आणखी गार राहावे म्हणून माझी वीजही जराशी कापली. मग मला दिवसभर कसून पळवून बघितले. मी एकदाही अडखळलो नाही. डेलचे समाधान झाले आणि तो कॉफी प्यायला उठून गेला.

तो उठला आणि मला भोवळ आली. पडदा काळा. त्याने मला उठवले, काम दिले, मी ठणठणीत. काम काढून घेतले की पुन्हा आडवा. हे रोजचेच झाले. एरवी डेलने आकाशपाताळ एक केले असते, पण या वेळी त्याचा चेहरा चक्क उजळला होता. त्याने मार्लिसला हाक मारून माझ्यासमोर उभे केले.

"बघ. पळतोय तोवर वाघ आहे. जरा बसवला की गार. आणि तुम्ही सगळे मला बसवायला निघालात."

सोमवारपासून मोठा बर्फ येणार होता, आणि मी येतोय, असे डेलने मुकादम ड्वेनला कळवूनही टाकले होते. मित्रांनो, मला फार वाईट वाटले. त्याच्या जिवावर बेतणाऱ्या हट्टाला साक्षीदार कोण, तर मी!

मार्लिस जायला वळली आणि दारातच थांबली. "यंत्रातलं तुला कळतं ना? मग तो का पडतो ते शोधून काढ. नुसतं बसल्यामुळे पडतो असं निघालं, तर सोमवारी खुशाल जा. मी अडवणार नाही."

डेलला आव्हान म्हणजे आमंत्रणच. तो मला घेऊन बसला. पळताना मला किती वीज मिळते हे त्याने पूर्वीच पाहिले होते. बसलो असताना किती मिळते हे कधीच पाहिले नव्हते. ते आता पाहिले, तर जेमतेम मिळत होती. त्याने वीज कापली होती ती सरसकट. भरल्या ताटातला एक घास उचलला तर जेवणाऱ्याला समजतही नाही. आजाऱ्याच्या वाटीत मुळातच दोन घास पेज असते, त्यातला एक काढला तर तो उठेल कसा? माझे तसे झाले होते. बसल्यावर मी थोडक्यात भागवत होतो आणि त्या थोडक्यालाही कात्री लागली होती.

डेलने पळतानाची वीज तशीच ठेवली आणि बसतानाची वाढवली. मग माझ्यापासून हात काढून खाटेवर बसला. मी वेग उतरवला. पंखा मंदावला. खोलीत इतकी शांतता त्या घराने कित्येक वर्षांत ऐकली नसेल. दुपार सरली तरी मला भोवळ आली नाही. इतके धावलो, पण इतके बरे मला कधी वाटले नव्हते.

मार्लिस गरम पेस्टीची, म्हणजे मांस-बटाटे भरलेल्या मोठ्या करंजीची, बशी घेऊन आत आली.

"पडला नाही?" तिने विचारले.

"बसल्यामुळे पडत नव्हता तो," डेल म्हणाला. "बसल्यावर मी त्याला उपाशी ठेवत होतो."

मार्लिसने बशी खाली ठेवली. "तुझे बाबाही बसल्यामुळे नाही गेले, डेल. त्या हिवाळ्यात त्यांच्याकडे कोण गेलं होतं, सांग."

आयनोच्या दारावरून जाणारा रस्ता त्या हिवाळ्यात डेलच साफ करत होता. रोज. ट्रक थांबवून आत जायला मात्र त्याला सवड झाली नव्हती. ते दोघांनाही ठाऊक होते. डेलने तोंड भिंतीकडे वळवले आणि तो रडला. मार्लिस पाठीवर हात ठेवून बसून राहिली. पेस्टी निवली. मग त्याने फोन उचलून ड्वेनला सांगितले की सोमवारी येत नाही, हा सबंध हिवाळा येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही कोणी थांबलेले असेल. यंत्र असेल, नाही तर माणूस. थांबलेल्याला काही लागत नाही, असे समजून त्याच्या वाट्याचे काढून घेऊ नका. धावणारा आपले आपण मिळवतो. बसलेल्याला मात्र कोणीतरी आणून द्यावे लागते.

सोमवारी बर्फ आला. डेल खिडकीशी गुडघे आवळून बसला होता. दुरून त्याच्या ट्रकची घरघर ऐकू आली तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. ड्वेन स्वतःच चालवत होता. फाळ वर धरलाय गाढवाने, निम्मा बर्फ मागेच राहतोय, असे डेल पुटपुटला. घरघर जवळ आली, दारासमोर आली, आणि बंद पडली. बाहेर बुटांवरचा बर्फ झटकल्याचा आवाज झाला.

"कॉफी आहे का रे?" ड्वेन दार ढकलत म्हणाला. "थोडा वेळ काढलाय."