गाळलेली हवा

मिश्रीलाल शेठजींची गाडी बारा वर्षांची झाली आणि तिच्या बॅटरीनं मान टाकली. हायब्रिड गाडी होती. सावकाश चालली की इंजिन आपोआप बंद, सगळा कारभार बॅटरीवर आणि आवाजाचं नाव नाही. वाशिमकडच्या अख्ख्या मालेगावात अशी दुसरी नाही म्हणून शेठजींचा केवढा तोरा! आता मात्र दोन महिने इंजिन घुरघुरतच राहायचं.

"बाबूजी, एवढी महाग बॅटरी? म्हातारीले सोन्याचे दात कायले?" मुलगा संयम म्हणाला. "विकून टाका. डिझेलची नवी घेऊ."

शेठजींना गाडी विकायची नव्हती. खरं कारण सांगायला जीभ रेटेना. पाच वर्षांपासून त्यांना कमी ऐकू येत होतं आणि त्यांनी ते कुणालाही कळू दिलं नव्हतं. कानाला यंत्र लावायचं म्हणजे गिऱ्हाइकासमोर म्हातारं व्हायचं! घरात मिक्सर, टीव्ही, नातवंडांचा धिंगाणा. तिथं बायकोच्या, गुलाबबाईंच्या बोलण्यावर ते नुसतं हूं हूं करायचे. पण दर रविवारी शिरपूरच्या जैन मंदिरात दर्शनाला जाताना, त्या मुक्या गाडीत, शेजारी बसलेल्या गुलाबबाईंचा शब्द न् शब्द त्यांच्या डाव्या कानात पडायचा. आठवड्यातून तेवढाच काय तो संसार उरला होता. गाडी गेली की तोही जाणार, या विचारानं म्हाताऱ्याचा घास गोड लागत नव्हता.

वाशिमहून विकास मेकॅनिक आला. मागच्या सीटजवळच्या जाळीत बोटं घालून त्यानं एक पांढरं सुती कापड बाहेर ओढलं. दुहेरी घडीचं, चारी कडांनी नीट टाचलेलं.

"शेठजी, हे कोनं लावलं? इथून आतला पंखा बॅटरीले गार हवा देते. उकडून मेली नं बिचारी!"

दारात उभ्या गुलाबबाईंचा चेहरा उतरला. "म्याच लावलं. तो पंखा बारके किडे आत ओढून राह्यला होता. जीव जात होते नं त्याईचे."

ज्या घरात पाणी गाळल्याशिवाय घोट उतरत नाही, तिथल्या गाडीनं हवा तरी बिनगाळलेली का घ्यावी? संयमनं कपाळावर हात मारला. विकास तोंड फिरवून हसला. गुलाबबाई मात्र पदरानं डोळे पुसू लागल्या. एका गाडीपायी ही एवढी रडते काहून, ते शेठजींना कळेना, पण त्यांना ते बघवेना.

"नवी बॅटरी टाक, विकास," ते म्हणाले. "जाळी मोकळी ठेव. निंघायच्या आधी किडे मी मऊ ब्रशानं झाडत जाईन."

"पण बाबूजी..."

"सांगतलं नं!"

पुढच्या रविवारी शेठजींनी वाकून, कंबर धरून, जाळी झाडली. गाव मागं पडलं, वेग कमी केला आणि इंजिन थांबलं. गुलाबबाई हळूच म्हणाल्या, "घरी मी अर्ध्या गोष्टी बोलतच नाई. रविवारसाठी ठेवते."

"काहून?"

"तिथं तुमाले ऐकू येत नाई म्हनून."

पाच वर्षं लपवलेलं बिंग! "कवापासून मालूम हाय तुले?"

"तुमाले मालूम व्हायच्या आधीपासून," त्या म्हणाल्या. "आता दोन महिन्यांचं साचलं हाय. गाडी हळू चालवा."